बर्फातल्या हरणांचा माग

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून पंधरा दिवस झाले होते आणि मला गावाकडं जायचं होतं. नांदेडला मुलाच्या घरी खायला-प्यायला काही कमी नव्हतं. पण तिसऱ्या मजल्यावर दिवसभर बसून करायचं काय? खिडकीतून समोरच्या घराची पाण्याची टाकी दिसायची. ती भरून वाहायला लागली की मी इथून ओरडायचे आणि खालचा माणूस मोटार बंद करायचा. तेवढंच माझं काम.

माझं घर अहमदपूर तालुक्यात, डोंगराच्या कडेला आहे. नवरा गेल्यापासून मी तिथं एकटी राहते आणि मला त्याचा काही त्रास नाही. आपल्या मनानं उठावं, चहा करावा, नको वाटलं तर भाकरी थापू नये. म्हैस तेवढी शेजारी राहणाऱ्या जावेकडं सोडून आले होते. जाऊ फोनवर रोज सांगायची, म्हैस बरी आहे. दुधाबद्दल ती काही बोलायची नाही आणि मीही विचारायचे नाही. गेल्यावर बघू, असं ठरवलं होतं.

डॉक्टरांनी डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे, महिनाभरानं तोही काढू, असं सांगितलेलं. मुलानं तेच धरून ठेवलं.

"दोन्ही डोळे झाल्याबिगर जायचं न्हाई, माय."

"एक झाला की. एकानं सगळं दिसून राहिलं."

"आन् तिकडं पायरीवरून पडलीस तर?"

"पडले तर माझ्या पायरीवरून पडंन. तुझ्या लिफ्टमधी अडकण्यापेक्षा बरं."

रोज संध्याकाळी हेच चालायचं. शेवटी सून कंटाळली. ती शाळेत शिकवते. नातीला वाढदिवसाला कुणीतरी दिलेला एक लांबट खोका कपाटावर पडून होता. नात पुण्याला वसतिगृहात गेली, खोका राहिला. सुनेनं तो काढून माझ्यापुढं ठेवला.

"आत्याबाई, सगळं दिसतंय म्हणता ना? मग हे भरून दाखवा. कुणाला काही विचारायचं नाही. नीट भरलंत तर मी स्वतः तुम्हाला अहमदपूरच्या गाडीत बसवून देते, एका डोळ्यावर. नाही जमलं तर दुसरा डोळा करायचा आणि तोवर गावाचं नाव काढायचं नाही."

मुलगा हसला. "मास्तरीण हाय. परीक्षा घेतल्याबिगर कुणाला सोडत न्हाई."

मी लगेच हो म्हणाले. चौथी पास आहे मी. तेव्हाही गणितात कमी पडले नव्हते.

खोक्यात एक कापड होतं, जाड, रंग धरणारं. त्यावर बारीक रेषांनी चित्र आखलेलं आणि प्रत्येक तुकड्यात एक आकडा. थेट तलाठ्याकडच्या नकाशासारखं, प्रत्येक वावराला जसा गट नंबर असतो तसं. सोबत चोवीस डब्या होत्या, बोटाच्या पेराएवढ्या, झाकणावर आकडे. ज्या तुकड्यात सात असेल त्यात सातच्या डबीतला रंग भरायचा. डोकं चालवायचं काही काम नव्हतं. चित्र पुरं झाल्यावर कसं दिसेल ते खोक्याच्या झाकणावर छापलं होतं. मागं बर्फाचे डोंगर, पुढं बर्फाचं रान, बाजूला उंच टोकदार झाडं आणि मधोमध तीन हरणं.

आता डोळ्यांचं सांगते, कारण पुढं सगळं त्यावरच आहे. नव्या डोळ्याला लांबचं लख्ख दिसायचं, पार समोरच्या टाकीवरची कावळ्याची शीट. पण जवळचं धुरकट. जवळचा चष्मा महिन्यानं मिळणार होता. जुना डोळा उलटा. त्याला लांबचं काही दिसत नव्हतं, पण नाकाजवळ धरलं की बारीक आकडासुद्धा वाचायचा. म्हणून मी नव्या डोळ्यावर रुमालाची घडी ठेवायचे, वरून दवाखान्याचा काळा चष्मा लावायचे, डाव्या बाजूची काच काढलेला, आणि जुन्या डोळ्यानं काम करायचे. सून म्हणाली, समुद्री डाकू दिसता. मी समुद्र बघितला नाही, डाकूही बघितला नाही. तिला म्हटलं, दिसू दे.

पहिल्याच दिवशी डब्यांनी वैताग आणला. दर वेळी झाकण उघडा, झाकण लावा, डबी कलंडली की रंग सांडतो. मी सुनेचा जुना मसाल्याचा डबा मागून घेतला. सात वाट्यांचा. लागतील ते सात रंग त्या वाट्यांत काढून घेतले. हळद कुठं, तिखट कुठं, हे जसं न बघता हाताला कळतं, तसं झाडाचा हिरवा वरच्या वाटीत, हरणाचा तपकिरी उजवीकडं, असं लावून टाकलं. रिकामी झाकणं एका ताटलीत टाकली. चार, नऊ आणि पंधरा या तिन्ही डब्या पांढऱ्या निघाल्या. तीन-तीनदा उघडून बघितल्या, पांढऱ्याच. डब्यांची संख्या दिसावी म्हणून कंपनीनं एकच रंग तीनदा भरला असेल, असं मला वाटलं. तीन वाट्या कशाला अडवायच्या? तिन्ही मधल्या वाटीत ओतल्या आणि ढवळल्या. बर्फाला तोच रंग. सोपं झालं.

डोंगर दोन दिवसांत झाले. हरणांपाशी मात्र मी अडले. रंगात नाही, हरणांतच.

हरणं मी पुष्कळ बघितली आहेत. आमच्या डोंगराकडून ती रानात उतरतात आणि कोवळं पीक शेंड्याशेंड्यानं खाऊन जातात. लग्न होऊन आले तेव्हापासून पहाटे उठून ती हाकलणं हे घरातल्या बायांचं काम. पत्र्याचा डबा वाजवायचा आणि पळायचं. आमच्याकडच्या नराला शिंग पिळाचं असतं, पिळून वाळत घातलेल्या धोतरासारखं. खोक्यावरच्या हरणाला शिंगांच्या जागी बाभळीची फांदीच फुटलेली. एवढं डोक्यावर घेऊन ते खाली वाकून खातं कसं? आणि खातं काय? मी झाकण नाकाला लावून बघितलं. गवताची एक काडी नव्हती. झाडं होती ती सुयांसारखी, शेळीसुद्धा तोंड लावणार नाही अशी. अंगावर तर चांगलं मांस होतं. मग चरतात कुठं?

दुसरी गोष्ट अशी, की तिन्ही हरणं माझ्याकडं तोंड करून उभी होती. हरीण असं उभं राहत नाही. एक मान वर करून राखण करतं, बाकीची खातात. आणि माणूस दिसला की तुम्हाला त्यांचं पांढरं ढुंगणच दिसतं, तोंड नाही. चित्र काढणारा एक तर फार नशीबवान असेल, नाहीतर हरणं पाळलेली असतील. हे मी जेवताना बोलले.

मुलगा म्हणाला, "माय, ते फोटोवरून काढलेलं असतंय. तू नंबर भर."

"नंबरच भरून राहिले. इचारायला काय जातंय?"

"परीक्षेत विचारायचं नाही, असं ठरलंय," सून म्हणाली.

मग मी विचारणं सोडलं आणि बघणं धरलं. फ्रिजच्या वरच्या कप्प्यात साचलेला बर्फ चमच्यानं खरवडून ताटलीत घेतला. बोट रुतवून बघितलं. बोटाचा खड्डा पडला, पण लगेच पाणी झालं. आमच्याकडं एकदा गारा पडल्या होत्या तेव्हा रान तासभर पांढरं झालं होतं. पण गारा पायाखाली खडखडतात, त्यात पाय रुतत नाही. चित्रातला बर्फ मऊ असावा, कारण हरणांचे पाय घोट्यापर्यंत आत गेलेले होते.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हरणं उभी आहेत, पाय रुतलेले आहेत, पण मागं माग नाही. एकही खूर उमटलेला नाही. मग ही आली कुठून? वरून सोडली?

हा विचार काही केल्या जाईना. पहाटे रानात गेलं की आधी मागच बघायचा असतो. काळ्या मातीत ओल असली की खूर नीट उमटतो. दुभंगलेल्या चिंचोक्याच्या दोन डाळी शेजारी शेजारी ठेवाव्यात, तसा. टोक ज्या बाजूला, तिकडं हरीण गेलं. माग खोल असेल तर पळालं, उथळ असेल तर चरत चरत गेलं. किती होती, कुठून आली, कुठल्या बांधावरून गेली, सगळं मातीत लिहिलेलं असतं. आणि इथं तीन जनावरं भर बर्फात उभी आणि जमीन कोरी.

सगळे तुकडे भरून झाल्यावर मी हरणाच्या पोटाचा तपकिरी रंग घेतला आणि माग काढला. मोठ्या हरणापासून सुरुवात केली आणि मागं मागं जात झाडांपर्यंत नेला. जवळचे खूर मोठे, लांबचे बारीक. मोठ्याच्या मागून दोन लहान. एक लहान मधेच बाजूला जाऊन परत आलेलं, कारण लहान हरीण जातंच तसं. या कामाला माझी पूर्ण दुपार गेली.

शनिवारी सुनेनं चित्र भिंतीला टेकवून ठेवलं. मुलगा समोर खुर्ची घेऊन बसला.

"लई भारी झालंय, माय. रेषेच्या भायेर कुठं गेलाच न्हाई रंग." मग तो पुढं वाकला. "हे काय? हे नंबरात न्हवतं की."

"न्हवतं."

"मग?"

"हरणं उडत न्हाईत."

तो सुनेकडं बघायला लागला. सून बराच वेळ चित्राकडं बघत होती. मग म्हणाली, "ठरल्याप्रमाणं झालं. बुधवारी माझी शाळा अर्धी आहे. मी आत्याबाईंना गाडीत बसवून देते."

मी त्याच संध्याकाळी पिशवी भरली. चादर, दोन लुगडी, डोळ्यांत घालायचे थेंब. जावेला फोन करून सांगितलं, बुधवारी येते, म्हैस तयार ठेव.

रविवारी सकाळी चहा पिताना चित्र समोर होतं. लांब बसले होते, रुमाल काढलेला. माझं लक्ष त्या मागाकडंच जात होतं. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. माग बरोबर होता, त्यात मला शंका नव्हती. पण त्या तपकिरी रंगानं खुराऐवजी कुणीतरी शेणाचे हात पुसल्यासारखं दिसत होतं. बर्फात खड्डा पडला तर आतला रंग खरंच कुठला दिसत असेल? फ्रिजमधल्या बर्फात ते कळलं नव्हतं.

माझा धाकटा भाऊ निलंग्याकडं असतो. फौजेत होता. दोन हिवाळे त्यानं बर्फात काढले, एवढं मला माहीत होतं. त्याला फोन लावला.

"हां अक्का. डोळा कसा हाय?"

"डोळ्याचं ऱ्हाऊ दे. तू बर्फात व्हतास न्हवं?"

"व्हतो की. का?"

"बर्फात पाय रुतला की त्या खड्ड्यात आत कुठला रंग दिसतो?"

"सकाळी सकाळी हे इचारायला फोन केलीस?"

"सांग की."

"निळा."

"निळा कसा? पांढऱ्यात खड्डा पडला तर पांढराच दिसंल. न्हाईतर मातीचा."

"माती कुठली, अक्का? दोन पुरुष खोल खणलं तरी माती लागत न्हाई तिथं. निळा मंजे निळाच. जितका पाय खोल, तितका निळा. झाडाची सावली बी निळी पडती. पहिल्या दिवशी मला वाटलं माझे डोळेच बिघडले. तिथल्या जुन्या गड्याला बोलून दाखवलं, तर तो लई हसला."

फोन ठेवला आणि मी खोक्याचं झाकण आणलं. ते चित्राच्या शेजारी भिंतीला लावलं आणि खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन नव्या डोळ्यानं बघितलं.

झाकणावरचा बर्फ निळा होता. सगळा नाही. वरून पांढरा, डोंगराच्या एका अंगाला निळसर, झाडांखाली आणखी निळा. म्हणून तो डोंगर उभा वाटत होता. माझा डोंगर कणकेचा गोळा थापल्यासारखा सपाट. मग मी नवा डोळा हातानं झाकला, झाकणाजवळ गेले आणि जुन्या डोळ्यानं बघितलं. निळं कुठंच नव्हतं. सगळं एकसारखं, जुन्या धोतरासारखं पिवळट. परत नवा डोळा, परत जुना. दहा वेळा तरी केलं असेल. एकाच झाकणावर दोन वेगवेगळी चित्रं होती आणि मी चुकीच्या डोळ्यानं परीक्षा दिली होती.

ताटलीतली झाकणं खिडकीपाशी नेली, हात लांब केला आणि नव्या डोळ्यानं त्यांच्या कडेला वाळलेला रंग बघितला. धुरकट दिसलं, पण रंग कळला. चार नंबर पांढरा. नऊ नंबर फिकट निळा. पंधरा त्याहून निळा. आणि मी तिन्ही एका वाटीत ढवळले होते.

मग मला दुसरंच काहीतरी आठवलं. मी स्वयंपाकघरात गेले, गॅस बारीक पेटवला, नवा डोळा झाकला आणि नेहमी भाकरी करताना उभी राहते तेवढ्या अंतरावर उभी राहिले. सकाळचं ऊन ओट्यावर पडलं होतं. गॅसचा निळा जाळ दिसलाच नाही. वाकून बघितलं तेव्हा काहीतरी हलतंय एवढं कळलं. गावाकडं मी जाऊला सांगायचे, आमच्या टाकीत गॅस नीट येत नाही, जाळच धरत नाही. एकदा पदराला चटका बसला होता, तोही मी वाऱ्यावर ढकलला होता. दोन्ही डोळे तेव्हा असेच होते.

सून मागं येऊन उभी होती. "आत्याबाई, काय करताय? गॅसजवळ जाऊ नका म्हणून सांगितलंय."

मी गॅस बंद केला. "चित्रातला बर्फ चुकला, तुला दिसलं व्हतं का?"

ती म्हणाली, "तिसऱ्याच दिवशी. तुमची ताटली पुसताना झाकणं बघितली होती."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्हाला इतकं जायचं होतं." ओट्यावर न सांडलेलं काहीतरी ती फडक्यानं पुसत राहिली. "आणि खरं सांगू का? मला पण रविवारी जरा झोपायला मिळालं असतं. तुम्ही पाचला उठता आणि टाकीवर ओरडता."

"शाळेत बी अशीच पोरं पास करतीस?"

"नाही. शाळेत कधीच नाही."

मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर दुसऱ्याच दिवशी गाडीत बसवून दिलं असतं. बुधवारी माझी पिशवी मी पुन्हा सोडली आणि लुगडी कपाटात ठेवली. मुलाला एवढंच सांगितलं की डावा डोळा करून टाकू. त्याला वाटलं, त्याच्या समजावण्याचा उपयोग झाला. वाटू दिलं.

डोळा करायला तीन आठवडे होते. तेवढ्यात मी जुन्या डोळ्यानं जे जे दिसतं ते नीट बघून घेतलं, कारण पुन्हा तसं दिसणार नव्हतं. दूध, मीठ, भिंत, माझे स्वतःचे केस. सगळ्याला एक पिवळी झाक. ती झाक कधी आली ते मला आठवेना. रोज थोडी थोडी आली असणार. चार वर्षं तरी मी पिवळं घर बघत होते आणि चुना मारायला येणाऱ्या माणसाला दर दिवाळीला शिव्या देत होते, की चुना उजळत नाही.

डावा डोळा झाला. यथावकाश जवळचा चष्मा मिळाला. पहिलं काम चित्राचं केलं. पण निळा रंग शिल्लक कुठं होता? मधल्या वाटीत उरलेला ढवळलेला थोडा रंग तेव्हाच एका डबीत भरून झाकण घट्ट लावून ठेवला होता, तो अजून ओला होता. सुनेकडं कपड्यांची नीळ होती. चुन्यात नीळ घालतात हे मला माहीत होतं, मग रंगात का चालू नये? काडीच्या टोकानं एक थेंब घातला, ढवळला, खिडकीत नेऊन बघितला. कमी वाटला. आणखी एक थेंब. डोंगराचं एक अंग आणि झाडांखालची जमीन पुन्हा रंगवली. शेवटी एक-एक खूर. आत निळा, कडेला तपकिरी थोडा राहू दिला. सुनेला विचारलं नाही, तिनंही काही सांगितलं नाही. मुलगा म्हणाला, आता थंडी वाजल्यासारखं वाटतंय. भावाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं की निळा बरोबर आहे, पण इतका बर्फ असला तर हरणं खाली उतरून येतात, वर थांबत नाहीत. खायला मिळत नाही ना. मला वाटलंच होतं.

चित्र नांदेडलाच ठेवून आले. त्यांच्या भिंतीवर एक खिळा रिकामा होता.

गावाकडं आले तेव्हा हरभरा घाट्यावर आला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे चष्मा लावून रानात गेले. रात्री पाणी दिलेलं होतं, माती ओली होती आणि बांधावरून माग आत गेलेला. चार मोठी, एक लहान. लहान मधेच बाजूला जाऊन परत आलेलं. मी खाली बसले आणि खुराच्या खड्ड्यात आधी एका डोळ्यानं बघितलं, मग दुसऱ्या. काळाच होता. दोन्हीकडून सारखाच काळा. मग उठले आणि किती खाल्लंय ते बघायला निघाले.